ठमामावशीचा नारळ

ठमामावशी गोड बोलते असं कोणी सांगितलं, तर समजा तो माणूस तिला कधी भेटलेलाच नाही. सातपूरच्या ज्या गाळ्यात आमचे मिस्टर, धनराज, पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर होते, तिथे ती झाडलोट करायची, पत्र्याचा चुरा गोळा करायची आणि सगळ्यांना चहा द्यायची. चहाबरोबर दोन शिव्या फुकट. मूळची वर डोंगरातली, पेठकडची. द्राक्षाच्या कामाला खाली आली, नवरा गेला, मग इथेच राहिली. मी डबा द्यायला गेले की झाकण उघडून बघायची आणि माझ्यावरच डाफरायची, "एवढीशी भाजी देती का नवऱ्याला?" खरं सांगते, मला ती डोळ्यासमोर नको असायची.

त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच मशीन खाली यायचं, म्हणजे हात आत राहायचा धोका नाही. पण माल भराभर निघावा म्हणून शेठने एक बटण तारेने कायमचं दाबून बांधायला लावलेलं. एका दुपारी यांचा उजवा हात आत असतानाच प्रेस खाली आला. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

शेठने स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत म्हणाला, "धनराज, मोटारसायकलवरून पडलो असं सांग. कारखान्याचं नाव आलं तर गाळा बंद पडेल. मी आहे ना तुला, घरच्यासारखा." आणि आमच्या शहाण्या माणसाने तसंच सांगितलं! हातातून रक्त गळतंय आणि याला काळजी शेठच्या गाळ्याची. मी नंतर इतकी बडबडले, पण काय उपयोग?

शेठचं घरपण जखम भरेपर्यंत टिकलं. मग म्हणाला, "आता तुझ्या हाताला देण्यासारखं काम नाही माझ्याकडे."

शेजारणीने पल्लवी वकिलांचं नाव सांगितलं, तेव्हा आम्ही गेलो. त्यांनी नीट समजावलं. गाळा लहान, विमा योजनेत नाही, म्हणून भरपाई मालकाकडूनच मागायची आणि दावा कामगार न्यायालयात लावायचा. "हात कामावर असताना गेला हे ठरलं, तर भरपाई हा तुमचा हक्क आहे, त्यांची मेहेरबानी नाही," त्या म्हणाल्या. "पण दवाखान्याच्या कागदावर तुम्ही मोटारसायकल सांगून बसलाय. गाळ्यातल्या कोणीतरी साक्ष द्यायला हवी."

गाळ्यात सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. राग आला, पण त्यांनाही लेकरंबाळं आहेत. हे तर घराबाहेर पडेनात. उजव्या हातावर कायम रुमाल. कोणी काही दिलं-घेतलं की डावा हात पुढे. देवळातसुद्धा जाणं सोडलं, प्रसादाला उजवा हात पुढे करावा लागतो म्हणून. मला आत कुठेतरी तुटायचं.

आणि एका संध्याकाळी दारात ठमामावशी. बसली नाही, पाणी प्याली नाही. "साक्षीला कोणी नाय म्हणं? मी येते."

"मावशी, तुमचं काम जाईल."

"जाऊ दे. झाडू काय त्याच्याच गाळ्यात हाय का?"

कोर्टात तिला उभं केलं आणि शेठच्या वकिलाने पहिलाच प्रश्न टाकला, "अपघात झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"दूध आणाया गेलते."

"म्हणजे तुम्ही काही पाहिलं नाही."

"नाय पाह्यलं."

बाई गं, एवढं खरं बोलायची काय गरज होती! यांनी तर मान खाली घातली. वकील हसून म्हणाला, "मग झालं तर. तो मोटारसायकलवरून पडला."

मावशी भडकली. "गाडीवरनं पडला तर नारळ गाडीपुढं फोडायचा ना! शेठनी दुसऱ्या दिवशी प्रेसपुढं कशाला फोडला? नारळ मी आणला, हळदकुंकू मी वाह्यलं, परसाद समद्यांनी खाल्ला. गाडीला बोटभर कुंकू तरी लावलं का? इचारा त्याला!"

मशीनवर कोणाला लागलं की त्या मशीनपुढे नारळ फोडल्याशिवाय आमच्याकडे कोणी ते चालू करत नाही. हे सातपुरात कोणाला सांगावं लागत नाही, आणि न्यायाधीशांनाही सांगावं लागलं नाही. शेठची पाळी आली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "नारळ फोडला होता का?" शेठ दर चैत्रात वणीच्या देवीला पायी जाणारा माणूस. खोटं बोलायला तो कचरत नाही, पण देवाला वाहिलेल्या नारळाला नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. "फोडला होता," म्हणाला, आणि मोटारसायकलची गोष्ट तिथेच संपली.

साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी शेठने मावशीला गाळ्यात येऊ नको म्हणून सांगितलं. तिने आम्हाला कळवलंसुद्धा नाही. आता पंचवटीत भाजीबाजारात झाडते, आणि तिथल्या भाजीवाल्यांना शिव्या देते.

निकाल आमच्या बाजूने लागला. त्या दिवशी आम्ही पेढे नाही, नारळ घेतला आणि तडक तिच्या खोलीवर गेलो. यांनी तिच्या उंबऱ्यावर नारळ ठेवला तशी ती ओरडली, "माझ्यापुढं नारळ? मी काय प्रेस हाय का रे?" मला हसू आवरेना आणि रडूही.

यांना डाव्या हाताने तो फोडता येईना. मग मावशीनेच हिसकावून घेतला, दगडावर आपटला आणि भकलं यांच्यासमोर ठेवली. "घे, वाट आता परसाद."

यांनी खोबऱ्याचा तुकडा मोडला. मग हातावरचा रुमाल काढून खिशात घातला, आणि अंगठा-करंगळीत तो तुकडा धरून उजवा हात तिच्यापुढे केला. मावशीने पदर सारखा केला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली.