दुसऱ्या दिवशीचा वास

व्हिडिओ कॉलवर माऊ हल्ली हात दाखवत नाही हे आईच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. पूर्वी ही पोरगी बोलायला लागली की हातवाऱ्यांनीच अर्धा पडदा झाकून टाकायची. आता फोन कशाला तरी टेकवलेला आणि हात टेबलाखाली. आईनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वैतागून तिनं एक हात वर केला आणि चटकन खाली घेतला. पण तेवढ्यात दिसायचं ते दिसलं. बोटांच्या बेचक्या लालभडक, पेरांना भेगा, पुरळ मनगटापर्यंत चढलेलं.

"अगं, काही नाही. कामावर सारखे हात धुवावे लागतात ना, म्हणून."

"सारखे हात मीही धुते. माझे नाही झाले असे."

"तुझी कातडी गेंड्याची आहे, आई."

दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर आई एकटी राहिली आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

माऊ हे काही तिचं खरं नाव नाही. ते बाबांनी पाडलेलं. दोन वर्षांची असताना दुधाचा पेला पुढे केला की ही आधी हुंगायची, मगच तोंड लावायची, अगदी मांजरासारखी. दूध गाईचं की म्हशीचं, कालचं की आजचं, सगळा हिशेब नाकानंच व्हायचा. शाळेची वही हुंगून "आज बाईंनी नाही, त्यांच्या मुलीनं तपासल्यात वह्या" असं तिनं एकदा सांगितलं होतं, आणि ते खरं निघालं होतं. सहा वर्षांची असताना मावशीच्या नव्या घरी सगळे जेवायला गेले. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत ही खणखणीत आवाजात म्हणाली, "मावशी, तुझ्या कपाटामागे काहीतरी मेलंय." आईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चार दिवसांनी कपाटामागे उंदीर सापडला. मावशीनं मात्र अजून माफ केलेलं नाही. माऊ घरी येणार म्हटलं की ती आजही आधी कपाटं सरकवून घेते.

असलं नाक घेऊन करायचं काय, हा प्रश्न घरात बरीच वर्षं पडून होता. माऊनं तो स्वतःच सोडवला. रसायनशास्त्र शिकली आणि चेहऱ्याची क्रीमं, साबण, लहान मुलांची लोशनं बनवणाऱ्या एका कारखान्यात लागली. कशाला कुठला वास द्यायचा आणि तो कातडीला सोसेल की नाही, हे ठरवायचं तिचं काम. कारखाना दोन तासांवरच्या गावात, म्हणून तिनं तिथंच खोली घेतली. शनिवारी घरी येते, सोमवारी पहाटे जाते.

"म्हणजे लेक अत्तरं बनवते म्हणा की!" असं कुणी म्हटलं की आईला राग यायचा. तिनं स्वतः ती प्रयोगशाळा पाहिली होती. आईला वाटलं होतं, दार उघडताच घमघमाट येईल. आत कसलाच वास नव्हता. पांढऱ्या भिंती, छताला हवा खेचून घेणारा पंखा आणि टेबलावर कागदाच्या अरुंद पट्ट्या. माऊ पट्टीचं टोक तेलात बुडवायची, नाकाखालून एकदाच फिरवायची, वहीत दोन शब्द लिहायची. नाक थकलं की स्वतःच्या कोपराची खोबण हुंगायची.

"हे काय गं?" आईनं विचारलं होतं.

"स्वतःच्या अंगाचा वास घेतला की नाक ताळ्यावर येतं. आता ही पट्टी एका तासानं परत. मग उद्या."

"उद्या कशाला? वास तर आत्ता आला ना?"

"आत्ता येतो तो मिरवणारा वास, आई. हलका भाग आधी उडून जातो. मागे राहतं ते खरं. लग्नात सगळेच गोड बोलतात, दुसऱ्या दिवशी कळतं कोण कसं आहे ते!"

लग्नाचं नाव घेऊन मुलगी, सारखी स्थळं सुचवणाऱ्या आपल्यालाच टोमणा मारतेय, हे आईला बसमध्ये बसल्यावर कळलं.

तर अशी ही माऊ. घरात सुगंधी पावडर बंद, आईचं केसाचं वासाचं तेल बंद, बाबांनी शनिवार-रविवार दाढीनंतर काही लावायचं नाही. बाबा कुरकुरायचे, "कस्टमवाल्यांचं कुत्रं पाळल्यासारखं वाटतं." आणि बाहेर चारचौघांत लेकीचं कौतुक सांगताना हेच बाबा थकत नसत. त्यांची आवडती गोष्ट पिंपाची. आईनं ती इतक्यांदा ऐकली होती की झोपेतही सांगितली असती.

झालं होतं असं. लहान मुलांच्या लोशनचा मोठा घाणा तयार झाला. वास संत्र्याचा. नमुना सगळ्यांनी हुंगला, पास केला; माऊनंही केला. दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी, माल चढतोय, आणि माऊ सवयीनं कालची पट्टी हुंगायला गेली. संत्रं उडून गेलं होतं. मागे उरला होता जुन्या रंगाच्या डब्याचा वास. ती तशीच खाली धावली.

"साहेब, माल उतरवा."

प्रयोगशाळेचे साहेब तिच्या दुप्पट वयाचे. म्हणाले, "काल तूच सही केलीस ना?"

"केली. चुकले. आजचा वास वेगळा आहे."

"आजच्या वासावर गाडी थांबवू मी?"

"लोशन रोज लागणार आहे, आणि तेही तान्ह्या बाळांना."

गाडी थांबली. तेल तपासलं तर हवेनं बिघडलेलं निघालं. संत्र्याच्या तेलाला हवा नि उजेड लागला की ते हळूहळू बदलतं, आणि त्यातून जे तयार होतं ते कातडीला बाधू शकतं. एकदा कातडीनं ते शत्रू म्हणून ओळखून ठेवलं की जन्मभर विसरत नाही. म्हणून तर पिंपातलं तेल कमी झालं की वरच्या रिकाम्या जागेत नायट्रोजन सोडायचा नियम होता. पण कोठारातले काका काटकसरी. जुन्या पिंपाच्या तळाशी उरलेलं तेल वाया जाऊ नये म्हणून ते त्यातच नवं ओतत आले होते. तळ कधी रिकामा झालाच नाही. नव्याच्या वासाखाली जुनं लपून राहिलं.

काकांची नोकरी जायची वेळ आली होती. माऊ साहेबांसमोर उभी राहिली. "त्यांनी चोरी नाही केली, साहेब, काटकसर केली. कसं ठेवायचं ते आपण त्यांना कधी सांगितलंच नाही." काका राहिले. आता प्रत्येक पिंपावर माऊच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: उरलेल्यात नवं ओतू नये.

ही गोष्ट सांगताना बाबांचा ऊर भरून यायचा आणि आईचे डोळे.

आणि आता हिच्या हातांचं हे असं. सुरुवात सात-आठ महिन्यांपूर्वी झाली. पुरळ सोमवारी-मंगळवारी उठायचं, शुक्रवारपर्यंत बसायचं. कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, सारखं हात धुण्यानं होतंय, मोजे घाला. तिनं मोजे घातले. आई म्हणाली, आठवडाभर रजा काढ, घरी ये, हातांना विश्रांती दे. ती आली, आणि हात आणखीच बिघडले. आईला वाटलं, अंगातली उष्णता बाहेर पडतेय.

शेवटी माऊ कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी पाठीवर वेगवेगळ्या रसायनांच्या चकत्या दोन दिवस चिकटवून ठेवल्या. निकाल आला आणि शुक्रवारी तिचा फोन आला. आवाज अगदी सपाट.

"ताज्या संत्र्याच्या तेलाला माझी कातडी काही म्हणत नाही, आई. हवा खाल्लेलं तेल लावलं तिथं मात्र भाजल्यासारखं उठलं."

"म्हणजे पुन्हा कुणी पिंपात ओतलं?"

"नाही ना! सगळी पिंपं तपासली. कपाटातली एकूणएक बाटली तपासली. काका तर माझ्याबरोबर रात्री नऊपर्यंत थांबले. काही सापडत नाही. घरी तू साबणात संत्र्याचं तेल घालतेस ते मी आणलेलंच ना? नवीन?"

"हो गं, तूच आणलेलं. दर दोन महिन्यांनी आणतेस ते."

"हं. मग कामावरच कुठेतरी असणार. आणि ते सापडत नाही तोवर मी त्या टेबलाशी बसणं म्हणजे वेडेपणा. साहेबांनाही पटलंय. वरच्या मजल्यावर कागदपत्रांची जागा रिकामी आहे. सोमवारी लिहून देते."

"आणि वासाचं काम?"

पलीकडून खण बंद केल्याचा आवाज आला. मग माऊ म्हणाली, "जाऊ दे. नाक काय, कुठंही नेता येतं. ह्या आठवड्यात येत नाही, आई. टेबल आवरायचंय."

टेबल आवरायचंय, हे वाक्य आईच्या कानातून जाईना. बाबा म्हणाले, "खुर्चीवर बसून पगार मिळेल, वाईट काय?" पण ते स्वतःलाच पटत नसल्यासारखे तसेच पेपर उलटा धरून बसले.

शनिवारी सकाळी आई नेहमीची कामं उरकत होती. बेसिनपाशी हात धुवायच्या साबणाची बाटली संपत आली होती. बिनवासाचा साबण माऊच आणून द्यायची. त्यात संत्र्याच्या तेलाचे थेंब घालायचं काम आईचं; माऊनं पसंत केलेलं पहिलंवहिलं तेल ते. तीन वर्षांपूर्वी तिनं पहिली बाटली आणली तेव्हा आईनं ते आपल्या जपून ठेवलेल्या काचेच्या सुंदर पारदर्शक बाटलीत भरलं होतं आणि खिडकीतल्या फळीवर ठेवलं होतं. दुपारचं ऊन तिच्यातून आलं की भिंतीवर सोनेरी डाग पडायचा. लेक नसलेल्या दिवशी आई बूच काढून एकदा वास घ्यायची. रोज. मग साबणात थेंब टाकताना हात सैल सुटायचा. लेक हसेल म्हणून शनिवारी ती यायच्या आधी बाटली कपाटात जायची.

माऊनं दिलेली ताजी, तपकिरी बाटली तिनं उघडली आणि खिडकीतल्या बाटलीत ओतायला वाकवली. त्या बाटलीच्या तळाशी बोटभर तेल होतं. ते नेहमीच असायचं. पहिल्या बाटलीतलं थोडं तरी राहावं म्हणून आईनं ती कधी पुरती रिकामी होऊच दिली नव्हती. जसं विरजण राखतो, तसं.

तपकिरी बाटली तशीच वाकडी राहिली. आईच्या डोळ्यांपुढे कोठारातल्या त्या काकांचं तोंड आलं. तिनं त्यांना पाहिलंही नव्हतं कधी.

बूच लावून ती स्टुलावर टेकली. शनिवार-रविवार माऊ ह्याच बेसिनवर हात धुते. डॉक्टरीणबाईंनी माऊला सांगितलं होतं, पुरळ लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठतं. म्हणजे सोमवारी. म्हणजे मंगळवारी. आणि त्या रजेच्या आठवड्यात लेकीच्या हातांना आराम पडावा म्हणून आईनं साबणात दुप्पट थेंब घातले होते.

"नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "काहीतरीच. मला तर वास छान येतोय."

आणि मग तिला ती पांढरी खोली आठवली.

तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या भागातून दोन पट्ट्या कापल्या. एकीचं टोक खिडकीतल्या बाटलीत बुडवलं, दुसरीचं ताज्या तेलात. मागे पेन्सिलीनं "जुनं" आणि "नवं" लिहिलं. हुंगल्या. दोन्हीकडून संत्रंच आलं, तसंच झगझगीत. ती जरा सावरली. एक पट्टी बैठकीतल्या कपाटावर ठेवली, दुसरी झोपायच्या खोलीत, म्हणजे एकीचा वास दुसरीला लागायला नको.

"हे काय नवीन?" बाबांनी विचारलं.

"हात लावू नका. आणि उद्यापर्यंत दाढीचं काही लावू नका."

"ती येत नाहीये ना ह्या वेळी?"

"मी आहे ना!"

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि दाढीची बाटली कपाटात ठेवून दिली.

रविवारी जेवणं झाल्यावर तिनं आधी स्वतःच्या कोपराची खोबण हुंगली. तसं करताना तिला जरा लाजल्यासारखं झालं. मग "नवं" लिहिलेली पट्टी नाकाखालून एकदाच फिरवली. जवळजवळ काही नाही. कोरड्या सालीची पुसट आठवण. मग दुसरी घेतली.

जुन्या रंगाचा डबा. मावशीच्या कपाटामागचा उंदीर माऊखेरीज कुणालाच जाणवला नव्हता, पण हा वास तिच्या साध्यासुध्या, म्हाताऱ्या होत चाललेल्या नाकालाही आला. तिनं पट्टी बाबांपुढे धरली. "काय येतं?"

बाबांनी नाक मुरडलं. "खिडक्या रंगवल्यात कुणी?"

 तिनं बेसिनवरची साबणाची बाटली आणि खिडकीतली सुंदर बाटली एका पिशवीत बांधली. फेकली नाही, माऊला तपासायला लागेल. रिकाम्या फळीवर ऊन तसंच पडलं होतं, भिंतीवर मात्र डाग नव्हता.

तिनं फोन हातात घेतला. आठ महिने पोरीचे हात जळत होते, आणि जाळणारं आपल्याच फळीवर होतं. काय म्हणेल ती? कातडी आता हे कधीच विसरणार नाही. हेही माऊनंच सांगितलं होतं. पण ताजं तेल तिला चालतं, हेही तिनंच सांगितलं होतं. बाटली सापडली तर टेबल आवरायचं कारणच उरत नव्हतं.

"उद्या सकाळी सांग की," बाबा हळूच म्हणाले. "रागावेल."

"उद्या ती लिहून देणार आहे. आणि रागावली तर रागावू दे. तिनं त्या काकांबद्दल साहेबांना काय म्हटलं होतं, आठवतं का तुम्हाला?"

बाबांना आठवत होतं. ते तर त्यांचं आवडतं वाक्य होतं.

आईनं चष्मा लावला, "जुनं" लिहिलेली पट्टी समोर ठेवली आणि माऊचा नंबर लावला. ह्या वेळी मुद्दाम व्हिडिओचा.