पलीकडे जाऊन परत

प्रमेय सरांना विशेष वर्गावर घातलं, तेव्हा स्टाफरूममध्ये कोणी हळहळलं नाही आणि कोणी अभिनंदनही केलं नाही. सगळे एकदम आपापल्या वह्या तपासायला लागले. उभी हयात माध्यमिक शाळेत भूमिती शिकवण्यात गेलेला हा माणूस. प्रमेय हे नाव मुलांनीच ठेवलेलं, आणि ते चुकीचं नव्हतं. घरी चहा मागतानासुद्धा ते ‘समजा’ म्हणून सुरुवात करतात, असं त्यांची बायको सांगायची. पुढे पट घसरला, दोन तुकड्यांची एक झाली, सर उरले. उरलेल्या माणसाला उरलेली खोली द्यायची, हा जगाचा न्याय. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना जिन्याखालचा वर्ग दिला.

त्या वर्गात नेहमीच्या अभ्यासक्रमाशी न जुळणारी मोठी मुलं होती. कोणाला अक्षरं लागत नव्हती, कोणाला बोलणं जमत नव्हतं, कोणाला गलका सोसत नव्हता. त्यांचा अभ्यासक्रम वेगळा. सरांनी तो उघडला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. टॉवेलची घडी घालणे. स्वतःचा पत्ता सांगणे. रस्ता ओलांडणे.

“बाई, यात सिद्ध काय करायचं?” सरांनी विचारलं.

“सिद्ध काही नाही करायचं, करून घ्यायचं,” मोठ्या बाई म्हणाल्या. अशी वाक्यं मुख्याध्यापक मंडळींना कुठून सुचतात, देव जाणे. ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याला कळलं, आणि दाराबाहेर आल्यावर लक्षात येतं की काहीच कळलेलं नाही.

या वर्गात एक थोराड मुलगी होती. तिला सगळे ‘इन्स्पेक्टर’ म्हणत. खुर्ची वाकडी असली की ती उठून सरळ करायची, मग त्या खुर्चीवर कोणी बसलेलं का असेना. एकदा सांगितलेला नियम ती कधी मोडत नसे आणि दुसऱ्यालाही मोडू देत नसे. बोलणं मोजकंच. तिचे वडील शिंपी होते, आणि घरात ते दोघंच.

शाळेसमोर, रस्त्याच्या पलीकडे, पुस्तकबांधणीचं दुकान होतं. तिथले काका एकदा खळीचं भांडं घेऊन वर्गात आले आणि त्यांनी पुठ्ठ्यावर कागद चढवून दाखवला. बाकीच्या मुलांनी खळ नाकाला लावली, बाकाला लावली. इन्स्पेक्टरने मात्र एक पुठ्ठा कडेला कड भिडवून असा चिकटवला, की काकांनी तो उजेडात धरून पाहिला. खळ संपली तेव्हा तिने भांड्याला मिठी मारून रडारड केली. काका म्हणाले, “दुपारी पाठवा हिला माझ्याकडे. शिकवीन.”

शिंप्याला हे कळलं तेव्हा तो मशीन सोडून शाळेत धावत आला. “सर, माझ्यामागे हिचं कोण आहे? तिथे एकदा हात बसला तर...”

पण पोचवायला माणूस नव्हता. मावशी एकच, आणि तिच्या हाताखाली सगळा वर्ग. मोठ्या बाईंनी साफ सांगितलं, “एकटीने रस्ता ओलांडता आला तर जाईल. नाहीतर टॉवेलच्या घड्या आहेतच.”

सर कामाला लागले. मैदानात पांढरे पट्टे रंगवले, प्लायवूडचा सिग्नल केला, त्याला लाल-हिरव्या चकत्या लावल्या. थांबायचं, दिवा बघायचा, उजवीकडे बघायचं, डावीकडे बघायचं, चालायचं. एकेक मूल पलीकडे पोचलं की सर ओरडायचे, “शाब्बास! आता परत!” मग ते मूल परत येऊन रांगेच्या शेवटी उभं राहायचं. सगळी सहामाही हा कार्यक्रम चालला. भूमितीत इतकं रेखीव काम सरांनी कधी केलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मोठ्या बाई स्वतः फुटपाथवर उभ्या राहिल्या. खराखुरा रस्ता, खऱ्या गाड्या. इन्स्पेक्टर कडेला थांबली. शेजारचा एक कोटवाला गृहस्थ लाल दिव्यातच निघाला, तर तिने त्याच्यापुढे तळहात धरला. “थांबा!” गृहस्थ ओशाळून मागे सरला. दिवा हिरवा झाला. तिने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि ताठ मानेने रस्ता पार केला.

पलीकडे पोचून ती वळली. दिवा लाल होऊन पुन्हा हिरवा होईपर्यंत थांबली, परत आली, आणि सरांच्या मागे येऊन उभी राहिली.

“हे काय?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“ओलांडला की,” सर म्हणाले.

“दोनदा ओलांडला. पोचली कुठे?”

पुन्हा पाठवलं. या वेळी दुकानाच्या दारातून काका हात हलवून बोलावत होते. तिने त्यांच्याकडे बघून मान डोलावली आणि निमूटपणे परत आली. सर चक्रावले. बाईंच्या कागदावर एकच प्रश्न होता, रस्ता सुरक्षितपणे ओलांडते का. हो म्हणावं तर पोरगी दुपारभर येरझाऱ्या घालणार, नाही म्हणावं तर ते धडधडीत खोटं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी बाईंनीच कागद मिटला आणि शुक्रवारपर्यंत मुदत दिली.

घरी सर ताट पुढे घेऊन नुसते बसले. त्यांची बायको दवाखान्यात नर्स होती, तिला असल्या कोड्यांची सवय.

“घाबरली असेल,” ती म्हणाली.

“अगं, ती रस्त्यात परक्या माणसांना थांबवते!”

“मग हट्ट.”

“समजा, हट्टी असती, तर परत कशाला आली असती?”

“तुम्हालाच कळत नाहीये, तर तिला कुठून कळणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जेवा आता.”

दुसऱ्या दिवशी मैदानात पुन्हा रांग लागली. सर कडेला उभे राहून घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधत होते. एक मुलगा पलीकडे पोचला, आणि सरांच्या तोंडून सवयीने निघालं, “शाब्बास! आता परत!” ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि ते मटकन पायरीवर बसले. पोरीने काहीच चुकवलं नव्हतं. आपण शिकवलं ते तिने सगळं उचललं, जे शिकवतोय हे आपल्याला ठाऊक नव्हतं तेसुद्धा. रस्ता कशासाठी ओलांडायचा, एवढं मात्र आपण कधी सांगितलंच नाही. त्यांना फार लाज वाटली.

शुक्रवारी दुपारी त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, “आज परत यायचं नाही. काकांच्या दुकानात जायचं. खळ आहे तिथे.” तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. “परत नाही?” “परत नाही,” सर ठासून म्हणाले. ती गेली. दुकानाचं दार तिच्यामागे बंद झालं, तेव्हा मावशीने टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, “बघू.”

शाळा सुटली, मुलं पांगली, शिंपी फाटकाशी येऊन उभा राहिला. मुलीचा पत्ता नाही. पलीकडे पाहिलं तर ती दुकानाबाहेर फुटपाथवर उभी, हात खळीने माखलेले, आणि मागून काका ओरडतायत, “अहो सर, केव्हाचं सांगतोय घरी जा म्हणून! म्हणते, सरांनी परत यायचं नाही सांगितलंय!”

शिंप्याने हाका मारल्या. तिने मान हलवली, नाही. तिचा चेहरा रडवेला झाला होता, पण पाय हलत नव्हता. आता झालं, ही जागा गेली, आपल्याच जिभेने घालवली. हाच विचार डोक्यात घेऊन सर तसेच रस्त्यावर धावत सुटले.

“थांबा!”

पलीकडून तिचा तळहात वर झाला होता. एक टेम्पो कर्कश हॉर्न वाजवत अगदी नाकासमोरून गेला. सर मागे सरले. दिवा हिरवा झाल्यावर त्यांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि पलीकडे जाऊन तिच्याशेजारी उभे राहिले.

“शाब्बास,” ती म्हणाली.

सर धापा टाकत म्हणाले, “माझंच चुकलं गं. सोमवारपासून शाळेची मोठी घंटा झाली की परत यायचं. इथे ऐकू येते ना घंटा?”

“येते. मोठी घंटा, मग परत.” तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. मग सर जागचे हलत नाहीत हे बघून तिने दिव्याकडे बोट दाखवलं. “आता परत.”

दोघांनी मिळून रस्ता ओलांडला. ती पुढे, सर मागे. अलीकडे शिंपी तिचे चिकट हात हातात घेऊन बघत राहिला. मोठ्या बाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कोणाला कळलं नव्हतं.

“सोमवारपासून जाईल ही,” त्या म्हणाल्या. “तुमचा सराव मात्र कमी पडतोय, सर.”

सर इन्स्पेक्टरच्या मागे गेले आणि मैदानातल्या मुलांसारखे, रांगेच्या शेवटी असल्यागत उभे राहिले.