अकाउंटची साफसफाई

आमच्या व्हिसा क्लासच्या सरांनी वर्गाच्या कोपऱ्यात प्लायवूडची एक खिडकी करून घेतली आहे. मधे काच, काचेखाली कागद सरकवायची फट. पलीकडे सर बसतात. कोट घालून, व्हिसा अधिकारी होऊन. अलीकडे आपण उभं राहायचं आणि मुलाखतीचा सराव करायचा. गारखेड्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरून बरीच मुलं 'तिकडं' गेली. देशाचं नाव आमच्या वर्गात कुणी घेत नसे. तिकडं एवढंच. तिकडं असं चालतं, तिकडं तसं चालत नाही.

त्या दिवशी माझी पाळी आली. मी खिडकीशी गेले आणि तोंडातून निघालं, "जयभीम, सर."

मागं हशा पिकला. मी चार दिवस आरशासमोर 'गुड मॉर्निंग' घोकलं होतं. पण आमच्या घरात फोन उचलला की जयभीम, पाहुणा आला की जयभीम, घरातून निघताना जयभीम. घाबरलं की माणूस घरच्या शब्दावर येतं. मीही आले. चूक झालीच, सरावातली. मी "सॉरी" म्हणून पुन्हा सुरुवात करणार होते.

सरांनी हात वर केला. म्हणाले, "थांब. इथंच रिजेक्ट झालीस तू. फोन आण बघू तुझा."

फोन कशाला, ते सांगते. मी औषधनिर्माणशास्त्रात एम.फार्म. केलं आहे. वाळूजच्या एका कंपनीत गोळ्या तपासायचं काम करते. उन्हात आणि दमट हवेत औषधाचा गुण कसा उतरतो, यावर पीएच.डी. करायला तिकडच्या एका विद्यापीठानं मला जागा दिली. शिष्यवृत्तीसकट. राहिला फक्त व्हिसा. आणि नेमके तेव्हाच नियम बदलायला लागले. आधी मुलाखतीच्या तारखाच बंद. मग उघडल्या त्या नवी अट घेऊन: गेल्या पाच वर्षांत समाजमाध्यमांवर जी जी खाती वापरली ती सगळी लिहून द्या, आणि खात्यांची कुलपं काढून ठेवा. आम्ही आत डोकावणार. तुमच्यापासून आमच्या देशाला धोका आहे का, ते बघणार.

कुणाचा कुणाला धोका, हे जगाला ठाऊक आहे. पण दार त्यांचं, चावी त्यांची. अख्खं जग धुंडाळून झाल्यावर आता त्यांना माझ्या मावसबहिणीच्या लग्नातले फोटो बघायचे होते. बघा म्हटलं. जिलेबी चांगली होती.

नियम एवढाच होता. खाती उघडी ठेवा. काहीतरी पुसून टाका, असं त्यात कुठंही नव्हतं. ते कलम सरांनी घरचं घातलं.

सरांनी माझा फोन मोठ्या पडद्याला जोडला. माझ्या आधी एका मुलाचं खातं असंच पडद्यावर दाखवून झालं होतं. त्यात त्याच्या मुंजीचे फोटो होते. मुंडण, लंगोटी, हातात दंड, मांडीवर बसवून घेणारे मामा. सर कौतुकानं म्हणाले होते, "हे राहू दे. हे कल्चर आहे. त्यांना आवडतं."

आता पडदा निळा झाला. चौदा एप्रिलची मिरवणूक. आमच्या गल्लीतल्या बाया पांढऱ्या साड्यांत. विहारात भंतेजींसमोर बसलेली माझी आई. कॉलेजात शिष्यवृत्ती रखडली तेव्हा मी हातात धरलेला फलक. खाली माझ्याच हातानं लिहिलेलं: जयभीम.

सर बोटानं सरकवत राहिले. "बापरे," म्हणाले. "इथं तर बरीच साफसफाई करावी लागणार." मग वर्गाकडे वळले आणि जरा हसून म्हणाले, "अर्थात साफसफाई हिला काय शिकवायची."

निम्म्या वर्गाला कळलं नाही. ज्यांना कळलं ते खाली बघून हसले. मला तत्काळ कळलं. असले विनोद आम्हाला समजावून सांगावे लागत नाहीत. माझ्या पणजोबांनी गावचे रस्ते झाडले, मेलेली ढोरं ओढली. ते सोडलं त्याला तीन पिढ्या झाल्या. सरांच्या डोक्यातला झाडू मात्र अजून आमच्याच हातात.

कान तापले होते. डोळ्यांत पाणी येईल की काय, ही भीती अपमानापेक्षा मोठी वाटत होती.

सर शिकवत होते. हे पॉलिटिकल. हे निगेटिव्ह. हा फलक तर ताबडतोब. त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं फलकाचा फोटो उडवला. मग मिरवणुकीचा. माझ्या फोनवर, मला न विचारता, पन्नास जणांच्या वर्गासमोर. मुंज कल्चर आणि मिरवणूक पॉलिटिक्स. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा इतका स्वच्छ अर्थ मास्तरांनासुद्धा सांगता आला नव्हता.

"आणि बाळा," सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तिकडं जात वगैरे काही नसतं. ती इथंच सोडून जायची असते."

हे सांगणाऱ्या माणसाच्या केबिनमध्ये तिकडच्या मंडळातल्या सत्यनारायणाचा फोटो आहे, सर तिकडं राहत होते तेव्हाचा. सोवळं नेसून, उघड्या अंगावर जानवं, मागं खिडकीबाहेर बर्फ. मंडळ कोणत्या पोटजातीच्या लोकांचं, तेही खाली छापलेलं आहे. सर त्यांची जात विमानात सामानाबरोबर चढवून घेऊन गेले होते आणि तशीच परत घेऊन आले. जात सोडायचा सल्ला मात्र मला. नाकानं कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण त्याचा क्लास चालवणारा हा पहिलाच.

आणि ज्यांच्या नावानं आम्ही एकमेकांना नमस्कार करतो, ते सरांच्या कितीतरी आधी बोटीनं शिकायला गेले होते. जायला मिळावं म्हणून स्वतःचं काही पुसलं नव्हतं त्यांनी.

हे सगळं मला नंतर सुचलं.

मग पडद्यावर बाबा आले. माझे वडील. पांढरा सदरा, कपाळभर निळा गुलाल, तोंडभर हसू. बाबा शहागंजात एका दुकानात शाळेचे गणवेश शिवतात. उभ्या जन्मात कुणाशी चढ्या आवाजात बोललेला माणूस नाही. गल्लीत गाय आडवी बसली तर हॉर्न न वाजवता गाडी ढकलत बाजूनं नेतात. वर्षातून एकच दिवस ते असे हसतात.

सरांनी फोटो मोठा केला. बाबांचा चेहरा अख्ख्या भिंतीएवढा झाला.

"हे कोण?"

"माझे वडील."

"हा लूक तिकडच्यांना अ‍ॅग्रेसिव्ह वाटतो," सर म्हणाले आणि अंगठा उचलला.

त्या क्षणी माझं काय झालं ते नीट सांगता येत नाही. राग होता, पण त्याहून किळस जास्त होती. या माणसाकडे मी महिनाभर मान खाली घालून येत होते. याला मी सर म्हणत होते. हा कोण? एका दारावरचा स्वयंघोषित रखवालदार. मालकानं न सांगितलेली झडतीही घेऊन मोकळा होणारा. मालक दूर, त्याला याचं नावही माहीत नाही. तरी याची शेपटी हलते आहे.

मी पुढं गेले. पडद्याची वायर उपटली आणि म्हणाले, "फोन द्या."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. जायचंय ना तिकडं?"

"जायचंय. पण अख्खी जायचंय."

त्यांनी फोन दिला. द्यावाच लागला, माझा हात पुढंच होता. वर्गात कुणी हसलं नाही. मी जिना उतरले. खाली येऊन पायरीवर बसले. मागून नाझनीन आली. शहागंजातलीच पोर, माझ्याबरोबर क्लासला होती. माझ्याशेजारी बसली आणि तिनं तिचं खातं दाखवलं. नुसती फुलं. गुलाब, मोगरा, कुणाच्या तरी गच्चीवरची शेवंती.

"मेरा तो पूरा साफ करा दिया उसने," ती म्हणाली. "ईद के फोटो निकालो बोला. अब्बा की दाढ़ी बी नक्को बोला. अब रोज फूल डालती मैं."

मग आम्ही दोघी हसलो. कडू होतं, पण हसलो. तिला मी काही शिकवायला गेले नाही. तिच्यावर जे दडपण होतं ते माझ्यावरच्या दडपणापेक्षा हलकं नव्हतं.

खरी परीक्षा घरी होती. सरांना फोन मागणं सोपं, बाबांना तोंड देणं अवघड. झालेलं सगळं सांगितलं. 'साफसफाई' हा शब्द मात्र सांगितला नाही. बाबांनी ऐकून घेतलं. मला वाटलं पाठ थोपटतील. ते म्हणाले, "काढून टाक गं. माझा फोटू फोनात ऱ्हायला काय अन् नाय ऱ्हायला काय. शिकायला जायचं लई मोठं हाय."

आईचंही तेच. जागा हातची गेली तर? तिकडचे प्राध्यापक काय तुझ्यासाठी थांबणार आहेत? त्यांचं चुकत नव्हतं. सरांना मी वायर उपटून उत्तर दिलं होतं. इथं उपटायला काही नव्हतं. स्वतःला पुसून घ्यायला तयार असलेला बाप समोर बसला होता, आणि तो ते माझ्या प्रेमापोटी करत होता. सरांच्या शंभर टोमण्यांपेक्षा ते जास्त लागलं.

तेव्हा मी तो शब्द सांगितला. सर काय म्हणाले, वर्ग कसा हसला, सगळं.

बाबांनी हातातली मापाची टेप गुंडाळून ठेवली. आई उठून आत गेली. मग बाबा एवढंच म्हणाले, "नको काढू."

फलकाचा आणि मिरवणुकीचा फोटो बाबांच्या फोनमध्ये होता. त्या संध्याकाळी ते दोन्ही मी पुन्हा टाकले. सरांचा निरोप आला, मी क्लासचा रेकॉर्ड खराब करते आहे म्हणून. मी पुन्हा त्या जिन्याची पायरी चढले नाही.

मुंबईला खऱ्या खिडकीशी मुलाखत झाली. पलीकडची बाई माझ्याच वयाची असेल. गोळ्यांबद्दल तिनं दोन प्रश्न विचारले, चांगले होते. बाबांबद्दल, निळ्या रंगाबद्दल काही नाही. मग फटीतून एक छापील कागद सरकवला. अधिक छाननी चालू आहे, वाट बघा. कारण लिहिलेलं नाही. एवढा मोठा देश, एवढी मोठी छाननी, आणि दोन ओळींचं कारण लिहायची धमक नाही.

नाझनीनची मुलाखत नंतर झाली. तिला विचारलं, तुमच्या खात्यात फुलांशिवाय काहीच कसं नाही? आधीचं कुठं गेलं? तिलाही तोच कागद. म्हणजे भरलेलं घर दिसलं तरी संशय, रिकामं दिसलं तरी संशय. सरांनी वर्षभर जी विद्या विकली, तिची किंमत तेवढी. मुंज झालेला मुलगा तिकडं पोचला. त्याचं मी वाईट चिंतत नाही. पण बर्फातला फोटो त्यानं टाकला तेव्हा खाली पहिला अंगठा सरांचा होता.

मध्यंतरी सरांचा फोन आला. आवाजात गूळ. माझं काम का अडलं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, ते फोटोच. अजूनही वेळ गेलेली नाही, एकदा येऊन जा, सगळं नीट करून देतो. मी ऐकून घेतलं. माझं कशामुळं अडलं ते मला माहीत नाही. कदाचित फोटोंमुळं असेलही. असेल तर असो. सरांना सांगितलं की पुन्हा फोन करू नका.

प्राध्यापकांनी जागा जानेवारीपर्यंत धरून ठेवली आहे. तोवर व्हिसावाले कळवतील की नाही, देव जाणे म्हणायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून एवढंच म्हणते की मला माहीत नाही. दर रविवारी नाझनीनच्या घरी सात-आठ मुली जमतात. वस्तीतल्या, मोहल्ल्यातल्या. मी मूळ नियम वाचते आणि मराठीत सांगते, नाझनीन तिच्या बोलीत. काय लिहून द्यायचं, काय उघडं ठेवायचं. वडिलांचं तोंड लपवायला कुणालाही सांगत नाही.

व्हिसा नाही मिळाला तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन. त्याच्या पुढच्या वर्षीही. बघणारे तुम्ही, मोजणारे तुम्ही, दार तुमचं. नाकारायचं असेल तर मला पूर्ण बघून नाकारा. तुमचं काम सोपं व्हावं म्हणून मी स्वतःला आधीच पुसून आणणार नाही.