एका हंडीतले

शिगेझो दर हिवाळ्यात डोंगरापलीकडून या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, कारखान्यात राबायला यायचा. बाकीचे सगळे एकाच गावचे. ताकीमावशी एका मोठ्या हंडीत सगळ्यांचा भात शिजवायची, म्हणून "आपण एका हंडीतले" हे थोरला कारागीर हांझो याचं पालुपदच होतं.

त्या सकाळी साकेसाठी भातावर मुद्दाम धरलेली बुरशी चिकट होऊन नासली. हंगामात नाट्टो खायचं नाही, अशी इथली सक्त ताकीद. त्या आंबवलेल्या सोयाबीनचा हात लागला, तरी केलेली मेहनत मातीत जाते.

"कुणी खाल्लं?" जेवायच्या वेळी हांझो गरजला.



"आम्ही एका हंडीतले," त्या गावकऱ्यांतला किंजी म्हणाला. "असलं काम बाहेरचाच करणार."

सगळ्या नजरा शिगेझोकडे वळल्या.

"बोचकं बांध," हांझो त्याला म्हणाला.

ताकीमावशीनं हंडीवर धाडकन झाकण घातलं. "मेल्यांनो, इतके हिवाळे मी याला वाढला तो भात कुठल्या हंडीतला होता? आधी ते सांगा, मग गिळा!"

भात निवत चालला. शेवटी किंजीनं आपली वाटी पालथी घातली. "बायकोनं पाठवलं होतं," तो पुटपुटला. "थोडंसंच खाल्लं."

हांझो ताडकन उठला. पण तो काही बोलायच्या आधीच शिगेझोनं ती वाटी उचलून सरळ केली आणि मावशीपुढे धरली.

"वाढ मावशी, याला आधी वाढ. या हंडीबाहेरचं कुणीच नको."