भुताच्या केस पेपरवर सही नाही

"मॅडम, हिला स्किझोफ्रेनिया आहे एवढं लिहा आणि खाली सही करा. बाकी आमचं झालंय," रोहन म्हणाला.

रोहन हिंजवडीतल्या एका कॉमिक्स स्टुडिओचा क्रिएटिव्ह हेड. मी निवृत्त क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मुक्काम मुळशी धरणाजवळचं माले गाव. त्यांच्या नव्या हॉरर कॉमिकमध्ये एक बाई भूत होऊन मुळशीच्या पाण्याकाठी वाटसरूंचे गळे दाबते. का दाबते, हे कोणालाच सुचलं नव्हतं, म्हणून मला कन्सल्टंट नेमलं होतं.

"ती का मारते?" मी विचारलं.

"वेडी आहे ना."

"हे कारण नाही. हा तुमचा आळस आहे."

तिशीतली मी असते तर सही करून चहा प्यायले असते. तेव्हा मला निदानांची भारी हौस. सिनेमातल्या खलनायकाला मध्यंतराआधी एक आजार, मध्यंतरानंतर दुसरा. सासूबाईंना तर तीन. त्या बिचाऱ्या फक्त माझ्या स्वयंपाकाला वैतागल्या होत्या.

रोहनला सोपं करून सांगितलं. स्किझोफ्रेनियात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असं ठाम वाटतं. बहुतेक वेळा तो स्वतःच भेदरलेला असतो. पात्र उभं करायचं तर मोटिव्ह शोधावा लागतो, म्हणजे त्याला काय हवं होतं आणि ते कोणी दिलं नाही. ते कळलं की वाचकाला त्यात स्वतःचा अंश दिसतो. तिथून खरी भीती वाटायला लागते.

"पटतंय, पण परवा प्रिंटला जायचंय," म्हणत त्याने स्क्रीनवर कव्हर लावलं.

कव्हरवर इंदू होती.

इंदू आमच्या मालेची. वीकेंडच्या बंगल्यांवर भाकऱ्या करते. कपाळावरची पांढरी बट, कमरेला खोचलेला पदर, सगळं तेच. स्टुडिओतली आर्टिस्ट तेजश्री रेफरन्ससाठी, म्हणजे समोर ठेवून चित्र काढायला, गावात फोटो काढून गेली होती. इंदूने हौसेने पोज दिली होती.

स्टुडिओला एक गोष्ट माहीत नव्हती. इंदू माझी जुनी पेशंट, तिला हा आजार खरोखर आहे. गोळ्या नियमित, तब्येत ठणठणीत, गावात ठाऊक असलेली माणसं मोजकी. या चेहऱ्याखाली तो शब्द छापला असता तर तिच्या हातची भाकरी कोणी खाल्ली नसती. आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नसते.

"सही होणार नाही," मी म्हणाले. "आणि तिला विचारल्याशिवाय हा चेहरा छापायचा नाही."

"मग आम्ही दुसरा कन्सल्टंट बघू."

"जरूर बघा. मी उद्या परत येते."

मालेला परतून इंदूच्या घरी गेले आणि तिला सगळं सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"मी काय सांगू त्यांना? तू ठरव," मी म्हणाले.

"तुमी काय बी नगा सांगू, ताई. मीच येते. बघू तरी."

दुसऱ्या दिवशी ती स्क्रीनसमोर उभी राहिली.

"नाक बरं काढलंय," ती म्हणाली. मग रोहनकडे वळली. "त्यो आजार मला हाय. लई वर्सं गोळ्या खाते. आजवर कुनाचा गळा दाबला न्हाई. आज मातर दाबावासा वाटतुया."

तेजश्रीला हसू फुटलं आणि तिने पटकन मान खाली घातली. रोहनचा चेहरा पडला.

"सॉरी, ताई. चेहरा बदलतो आम्ही."

"चेहरा ऱ्हाऊ द्या. आजार काढा."

"मग ती मारते कशासाठी?" रोहनने विचारलं. या वेळी खरंच विचारलं.

"बंगल्यावर मी ढीगभर भाकऱ्या थापते. समदी जेवून झोपत्यात. तू जेवलीस का, असं एकानं बी इचारलं न्हाई. तिला बी कुनी इचारलं नसंल."

तेजश्रीने पेन उचललं. प्रिंट पुढे ढकललं गेलं.

कॉमिक आलं. आजार गेला, चेहरा राहिला. सही न केल्यामुळे माझं नाव नाही. इंदूचं आहे, ठसठशीत. हे सगळं लिहू का, म्हणून तिला विचारलं, तर म्हणाली, "लिवा. लपवून दमले."

आजाराचं नाव दवाखान्याच्या केस पेपरपुरतं असतं. भुताला कारण लागतं, एवढंच मी या कामातून शिकले. हल्ली बंगल्यावरची मंडळी इंदूला आधी जेवायला बसवतात. आदराने की घाबरून, याचं निदान मी केलेलं नाही.