चित्राबाहेर गेलेली ओळ

पडद्यावर रंगीत पट्टे आहेत आणि त्यांच्यावर पांढऱ्या अक्षरांत वेळ धावतेय. हे चित्र ज्या कॅमेऱ्यातून येतंय, तो खरा नाही. चाचणीपुरता कोडमध्ये बनवलेला, बिनभिंगाचा. कुणा अनोळखी बाईंनी त्या कोडमध्ये दोन ओळींची दुरुस्ती पाठवलीय, ती तपासायचं काम माझं. त्यांनी लिहिलंय, "सर, चित्र फार लहान केलं की अक्षरं त्यात मावत नाहीत. ती शेजारच्या मेमरीत लिहिली जातात."

मी चित्र लहान करून पाहिलं. खालची ओळ दिसेनाशी झाली आणि मशीन मुकाट चालत राहिलं. मला त्या मुकाटपणाचीच भीती वाटली. ती ओळ मेमरीत दुसऱ्याच कुणाच्या तरी जागेवर, तिथलं पुसून लिहिली जात होती.

चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, "कॅमेराच नाहीये ना, मग घाबरतोस कशाला?"

मूळ कोड तपासणाऱ्याचं नाव मी तिला दाखवलं. माझंच होतं. काही वर्षांपूर्वी "पाहिलं, ठीक आहे" लिहून मी मोकळा झालो होतो. तेव्हा मी फक्त चित्र पाहिलं होतं. अशी किती कामं मी नजरेखालून घातली आणि त्यातलं काय कुठे सांडतंय, कळायला मार्ग नाही.

बाईंच्या दोन ओळी आता चौथ्यांदा वाचतोय. बरोबर वाटतात. तेव्हाही बरोबरच वाटलं होतं.