तेलाच्या दाबाचा काटा

रिटायर झाल्यापासून काटेवाल्यांचं बूड एका जागी ठरत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी इस्पितळाच्या धुलाईघराचा बॉयलर सांभाळला होता. तळघरातली खोली, भिंतीएवढा बॉयलर आणि त्याच्यावर ताटलीएवढी दाबाची तबकडी. तबकडीवर एक लाल रेघ. काटा रेघेकडे सरकायला लागला की आग कमी करायची, वाफ सोडायची, आणि तो खाली उतरला की मगच चहाचा कप उचलायचा. वर गेला तर इमारत हादरेल, खाली आला तर फार तर चादरी उशिरा वाळतील. हे गणित त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की सगळे त्यांना काटेवालेच म्हणायचे. खरं नाव पगारापुरतं उरलं होतं.

आता घरात बघायला काटाच नव्हता. मग ते भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेला टिचक्या मारायचे. जिन्याखाली जाऊन पाण्याचा मीटर बघून यायचे, वर येऊन बसायचे, की पुन्हा खाली. बायकोने कुकर लावला की हाताची घडी घालून शेगडीसमोर उभे.

"अहो, बटाटे आहेत ते, पळून नाही जाणार," ती म्हणायची. "जरा टेका की कुठेतरी! तुम्हाला बघून मलाच धाप लागते."

ते टेकायचे आणि उठायचे. आपण आता कुणाच्याच उपयोगाचे राहिलो नाही, हे त्यांना आतून पोखरत होतं. बोलून दाखवायचा स्वभाव नव्हता, म्हणून सगळी तगमग पायांत उतरायची.

त्यांची मुलगी दातांच्या कवळ्या घडवायच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून घासून तिने एक जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली होती. गाडी इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे जवळजवळ निजायचंच. आई तिला रांगणारी गाडी म्हणायची. पण मुलीचा जीव होता त्या गाडीत. इंजिन मूळचं होतं आणि तसलं दुसरं मिळणं आता कठीण होतं, म्हणून त्याची तब्येत कळावी असे जादा मीटर तिला बसवायचे होते.

"बाबा, मीटर निवडायला येता का?" तिने विचारलं, आणि तिचं वाक्य संपायच्या आत काटेवाल्यांच्या पायात बूट होते.

दुकानात भिंतभर मीटर मांडलेले. मुलीला हवा होता एक छोटा पडदा, सगळे आकडे एकाच जागी दाखवणारा आणि काही बिनसलं तर किंचाळणारा. काटेवाल्यांनी तो हातात घेतला आणि नाक मुरडून परत ठेवला.

"आकडा नुसता बदलतो," ते म्हणाले. "काटा चालताना दिसतो. कुठून निघाला, कुठे चाललाय, ते कळतं. आणि किंचाळायला कशाला पाहिजे? माणूस झोपलेला असेल तर गोष्ट वेगळी."

बोलणं खोटं नव्हतं. दुकानदारानेसुद्धा मान डोलावली. शेवटी तीन तबकड्या ठरल्या, पाण्याचं तापमान, तेलाचं तापमान आणि तेलाचा दाब. पांढरा चेहरा, काळा काटा. बसवताना मात्र एक प्रश्न निघाला. दाबाचा सेन्सर जिथे लागतो तिथे गाडीच्या मूळच्या धोक्याच्या लाल दिव्याचा स्विच होता.

"मध्ये एक जोड टाकतो, दोन्ही चालतील," दुकानदार म्हणाला.

"प्रत्येक जोड म्हणजे गळतीला आवतण," काटेवाले म्हणाले. "काढा तो स्विच. दिवा लागतो सगळं संपल्यावर. मी आधी बघतो."

दुकानदाराने मुलीकडे पाहिलं. मुलगी हसली. "काढा. बाबा आहेत ना शेजारी," ती म्हणाली, आणि त्या चार शब्दांनी काटेवाल्यांची छाती एवढी फुगली की बुटक्या गाडीत मावेना.

पहिल्या सुट्टीला दोघं डोंगराच्या रस्त्याला निघाले. वाटणी ठरली होती, रस्ता तिचा, काटे त्यांचे. गाडी चालू झाली आणि दाबाचा काटा ताडकन वर गेला. काटेवाल्यांचा हात किल्लीकडे गेला.

"बंद कर! आधी बंद कर!"

"अहो बाबा, इंजिन थंड आहे, तेल घट्ट आहे. गरम झालं की उतरेल तो."

उतरेल म्हटल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. उतरणाऱ्या काट्याशी त्यांची जुनी दोस्ती होती. आणि खरंच, गाव मागे पडेपर्यंत काटा हळूहळू खाली आला. वळणं सुरू झाली. प्रत्येक वळणाला काटा गचकन झुकायचा आणि परत यायचा, पण दर वेळी थोडा कमी. पुढेपुढे तो परत यायचाच थांबला.

"काय म्हणतायत मंडळी?" मुलीने विचारलं. तिचे डोळे रस्त्यावर होते.

"पाणी मध्यावर. तेल जरा तापलंय. दाब एकदम निवांत," ते म्हणाले. "तू चालव बिनघोर."

तिने गाडी आणखी पळवली.

इथे सांगून टाकायला हवं. इंजिनात तेलाचा दाब हा वैरी नसतो. दाब असतो म्हणून तेल फिरतं, आणि तेल फिरतं म्हणून लोखंड लोखंडाला खात नाही. इंजिन जोरात असताना काटा वर पाहिजे. खाली बसला तर तेल पोचत नाहीये. दुकानदाराने हे सांगितलंही असतं, पण काटेवाल्यांना काट्याची शिकवणी द्यायला कोण धजणार? आणि ते स्वतःहून विचारतील, हे तर त्यांच्या बायकोलाही खरं वाटलं नसतं.

आधी बारीक ठकठक ऐकू आली. मग खडखड. मुलीने गाडी कडेला घेतली तोवर इंजिन एक आचका देऊन मेलं होतं. जळक्या तेलाचा वास सुटला. तिने पुन्हा किल्ली फिरवली. आतून नुसता टक् असा आवाज आला.

गाडी ओढून न्यायला ट्रक आला. ट्रकवाल्याने खाली वाकून बघितलं, हात पुसले आणि मान हलवली. परतताना तिघं केबिनमध्ये दाटीवाटीने बसले, मुलगी खिडकीशी, काटेवाले मध्ये. त्यांचे गुडघे सारखे हलत होते. हाताने दाबून धरले तरी थांबेनात.

"तेलाचा पंप गेला असणार," ट्रकवाला म्हणाला. "जातो असा अचानक. कुणाचा दोष नाही त्यात."

मुलगी डोळे पुसत होती. "अचानकच झालं," ती म्हणाली. "बाबा काट्यांवर नजर ठेवून होते. एवढंसंसुद्धा काही दिसलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

एवढ्यावर भागलं असतं. ट्रकवाल्याने वाट करून दिली होती, मुलीने ती झाडून स्वच्छ केली होती. काटेवाल्यांनी नुसतं गप्प बसायचं होतं. त्यांनी समोरच्या रस्त्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"अचानक नाही झालं," ते म्हणाले. "काटा कधीचा खाली चालला होता. मी बघत होतो."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, चांगलं चाललंय."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "उतरेल म्हणाले होते मी, बाबा! तळाला जाऊन झोपेल असं नव्हते म्हणाले! एकदा विचारायचं तरी होतं!" तिचा आवाज फाटला. ट्रकवाला उगाच आरशात बघायला लागला.

काटेवाल्यांचा जीव इतका वरखाली होत होता की चालत्या ट्रकमधून उतरावंसं वाटलं. पण दोन्ही बाजूंनी माणसं होती.

"किती पाहिजे होता गं तो?" त्यांनी अखेर विचारलं. "इंजिन गरम झाल्यावर, चढावर. मला माहीत नाही."

मुलगी खिडकीबाहेरच बघत होती. राग उतरला नव्हता. "मध्याच्या वर," ती तुटकपणे म्हणाली. "वेग वाढला की काटाही चढला पाहिजे. नाही चढला तर तिथल्या तिथे थांबायचं."

"नाही चढला तर थांबायचं."

"हं."

"पुन्हा सांग," काटेवाले म्हणाले. "एकदा सांगून माझ्या डोक्यात नाही बसायचं ते."